लाल टिकलीचं मीटर

झुंबर पगारे भाजी आणायला निघतो तेव्हा खिशात पाव किलोचं पितळी वजन घालतो. भाजीवालीच्या काट्यावर आधी ते ठेवायचं, काटा बरोबर पाव किलो दाखवतो का ते बघायचं आणि मगच वांग्यांना हात लावायचा. भद्रकालीच्या बाजारातल्या बायका त्याला लांबून ओळखतात. "आला बाई इन्स्पेक्टर," म्हणतात आणि स्वतःहून पारडं पुढे करतात. डॉक्टरने ताप सांगितला तर हा घरी येऊन पुन्हा मोजतो. त्याची बायको लताबाई सांगते, "मला बघायला आले तेव्हा यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण करून माझी उंची घेतली होती. मध्यस्थानं दोन इंच वाढवून सांगितली असंल म्हणून." सगळे हसतात, पण ती गंमत करत नसते. खूण अजून आहे तिच्या माहेरी.

दोष एकट्या झुंबरचा नाही, धंदाच तसा आहे. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत, गॅरेजांच्या रांगेत त्याचं आठ बाय दहाचं दुकान आहे. गाड्यांची स्पीडोमीटरं दुरुस्त करायची, हे काम तो सदतीस वर्षं करतो आहे. आणि या सदतीस वर्षांत दुकानाची पायरी चढलेल्या दहातल्या सहा जणांना मीटर नीट करून नकोच होतं. त्यांना ते मागे फिरवून हवं होतं. सव्वा लाख किलोमीटर पळालेली गाडी विकताना पंचेचाळीस हजार दाखवायची असते, पण तसं तोंडाने म्हणायचं नसतं. मीटर जरा अडकतंय, आकडे नीट दिसत नाहीत, असं काहीबाही सांगत ताकाला जाऊन भांडं लपवत बसतात. झुंबरने एकही आकडा कधी मागे फिरवला नाही. मात्र गिऱ्हाईक कुणीही असो, अगदी पोलिसातला असला तरी, झुंबरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मागं फिरवायचं असंल तर पुढं चला."

दुरुस्त केलेल्या प्रत्येक मीटरच्या मागच्या स्क्रूवर तो लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो. लताबाईच्या बाटलीतून सुरू झालेली ही लाल टिकली पुढे त्याची सहीच होऊन बसली. टिकली तडकलेली दिसली, की समजायचं मीटर मध्ये कुणीतरी उघडलं होतं. पण टिकली द्यायच्या आधी एक काम असतं आणि ते तो कधीही टाळत नाही. गाडी घेऊन मुंबईच्या रस्त्याला वाडीवऱ्हेच्या अलीकडे जायचं. तिथे सरळसोट रस्त्यावर पिवळ्या डोक्याचे दोन दगड आहेत, एकमेकांपासून बरोबर एक किलोमीटरवर. काटा साठवर धरून एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत जायचं. बरोबर साठ सेकंद लागले तर मीटर खरं. कमी लागले तर काटा गाडीचा वेग लपवतो आहे, जास्त लागले तर फुगवतो आहे. मग स्प्रिंग सैल करायची किंवा ताणायची आणि पुन्हा जायचं. हल्लीची पोरं यावर हसतात. झुंबर म्हणतो, "माणूस खोटं बोलतो. मशीनपण बोलतं. दगडाला काय पडलंय?"

एकेकाळी या दुकानात दोन स्टुलं होती. दुसऱ्यावर वाल्मीक बसायचा. दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, एकाच डब्यात जेवलेले. वाल्मीकची टिकली हिरवी. तो दगडांपर्यंत जायचा नाही. दुकानातल्या मोटरवर मीटर फिरवून, तक्त्यात बघून काटा लावायचा. झुंबर चिडवायचा, तो हसायचा. अकरा वर्षांपूर्वी लासलगावचा कांदा घेऊन निघालेला एक टेम्पो घाटातल्या वळणावर उलटला. चालवणाऱ्या दीपकची मांडी मोडली. "मी मीटर बघूनच चालवत होतो, चाळीसच्या वर नव्हतोच," असं तो खाटेवरून सांगत राहिला. टेम्पोच्या मीटरवर हिरवी टिकली होती.

टेम्पो उभा राहिल्यावर झुंबरने तो स्वतः दगडांवर नेला. काटा साठवर, आणि घड्याळात सेकंद चौपन्न. पुन्हा केलं, पुन्हा चौपन्न. म्हणजे काटा साठ दाखवत होता तेव्हा गाडी सदुसष्टनं पळत होती. झुंबर परत आला तो तापूनच. भर गल्लीत, चहाच्या वेळेला, सगळ्या गॅरेजवाल्यांच्या देखत तो ओरडला, "वाल्मीक, तुझ्या काट्यानं माणूस मोडला!" वाल्मीक एवढंच म्हणाला, "मीटर बरोबर हे, झुंबर. दुसरं काहीतरी चुकतंय." झुंबर म्हणाला, "दगड चुकतो का मग?" लोक हसले. वाल्मीकने आपला स्क्रूड्रायव्हरचा संच फडक्यात गुंडाळला आणि तो गेला. सातपूरला त्याने स्वतःचं दुकान टाकलं. पण गल्लीतलं बोलणं गावभर पोचलं होतं. मोठ्या गाड्यांच्या मालकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, आणि तो स्कूटरी नि मोपेडींची मीटरं लावत राहिला. झुंबरच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका सातपूरला गेली नाही. लताबाई त्या दिवशी जेवली नव्हती. झुंबरने तेही बघितलं.

जगात कुणावरही भरवसा न ठेवणाऱ्या या माणसाने त्या एका दिवशी दोघांवर ठेवला होता, दीपकवर आणि दगडावर. हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? सांगणारा तर सातपूरला गेला होता.

गेल्या जानेवारीत गल्लीच्या तोंडाशी एक लाल गाडी येऊन थांबली. दोन दारं, दोन सीटं, कापडी छप्पर, आणि उंची इतकी कमी की गॅरेजमधलं कुत्रं तिच्यावरून वाकून बघत होतं. पंचवीस-तीस वर्षांची जुनी परदेशी स्पोर्ट्स कार. आतून पस्तिशीची एक बाई उतरली. तिने नाव सांगितलं मृण्मयी, राहायला गंगापूर रोडला, घरांचे नकाशे काढण्याचा व्यवसाय.

"मागं फिरवायचं असंल तर..." झुंबरने सुरुवात केली.

"नाही काका. स्पीडोमीटर चुकीचं दाखवतंय. काटा साठवर असतो तेव्हा फोन चौपन्न सांगतो. मी गाडी नुकतीच घेतलीये, मला ती नीट करून हवी आहे."

झुंबरने तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. मीटर जास्त दाखवतं अशी तक्रार घेऊन त्याच्याकडे आजवर कुणी आलं नव्हतं. काटा पुढे पळाला की लोक खूश असतात, आपली गाडी जोरात आहे म्हणून मित्रांना दाखवतात. ही बाई कमी करून मागते आहे, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

त्याने डॅशबोर्ड सोडवला, मीटर उलटं केलं, आणि त्याचा हात थांबला. स्क्रूवर लाल टिकली होती. कुठेही तडा नाही. त्याला आठवलं, सातेक वर्षांपूर्वी एका बिल्डरचा मुलगा हीच गाडी घेऊन आला होता. त्यानेच काटा लावला होता, त्यानेच दगडांवर तपासला होता.

"तुम्हाला माझ्याकडं कुणी पाठवलं?"

"सातपूरला एक मिस्त्री आहेत, वाल्मीककाका म्हणून. त्यांनी मीटर उघडायलाच घेतलं होतं. पण मागची टिकली बघितली आणि ठेवून दिलं. म्हणाले, ज्याची टिकली त्याच्याकडे न्या."

झुंबरच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे हे असं आहे तर. अकरा वर्षांनी हिशेब चुकता करायला बाई पाठवली. आधी तिच्या कानात भरवायचं की मीटर चुकलंय, मग झुंबरने नीट केलं की गावभर सांगायचं, बघा, लाल टिकली खोटी निघाली. चांगला डाव आहे, तो मनात म्हणाला. त्याने टायरांचे नंबर कंपनीच्या पट्टीशी ताडून पाहिले. बरोबर. केबल काढून पाहिली. बरोबर. आता संशयाला दोनच जागा उरल्या होत्या, फोन आणि बाई.

"चला," तो म्हणाला. "दगडावर दाखवतो तुम्हाला."

गाडीत बसणं म्हणजे पाटावर पंगतीला बसण्यासारखं होतं. पाय लांब, बूड जमिनीला टेकल्यागत. पाथर्डी फाटा मागे पडला तसं थंड वारं कानांत शिरायला लागलं, पण झुंबरचं लक्ष बाईच्या हातांवर होतं. ही मध्येच वेग कमी करून फसवेल, असं त्याला वाटत होतं. तिने काही केलं नाही. पहिल्या दगडापाशी काटा बरोब्बर साठवर होता. त्याने स्टॉपवॉचचं बटण दाबलं. दुसरा दगड भारतच्या ढाब्याच्या कुंपणाशी, पिवळाधमक, नुकताच रंगवलेला. तो बाजूने गेला तसं त्याने पुन्हा बटण दाबलं आणि घड्याळ तिच्या डोळ्यांसमोर धरलं. साठ सेकंद.

"बघा! एक सेकंद इकडं नाय, तिकडं नाय. फोन बदला तुमचा."

मृण्मयीने गाडी कडेला घेतली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं आणि हरल्याचंही. काट्याच्या खालच्या एका छोट्या खिडकीवर तिने बोट ठेवलं. "काका, हा फेरीचा आकडा. पहिल्या दगडाशी मी शून्य केला होता. यात किलोमीटरचा दहावा भागही दिसतो. एक पूर्ण यायला हवा होता ना? शून्य पूर्णांक नऊच झालाय."

असा आकडा टेम्पोत नसतो, ट्रकमध्ये नसतो, झुंबरकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत नसतो. त्याने आजवर काटा बघितला होता आणि घड्याळ. त्याने चष्मा पुसला. पुन्हा फेरी मारायला लावली. पुन्हा नऊ. तिसऱ्यांदा तो म्हणाला, आता पुढच्या दगडापर्यंत चला. तिथे मध्ये फाट्यावर गतिरोधक आहेत म्हणून त्या टप्प्यावर तो कधी मोजत नसे. दुसऱ्या दगडाशी शून्य करून निघाल्यावर तिथपर्यंत आकडा आला एक पूर्णांक एक.

काटा स्प्रिंगवर फिरतो आणि स्प्रिंग हाताने लावलेली असते, म्हणून काटा चुकू शकतो. आकडे दात्यांवर फिरतात. चाक फिरलं तेवढेच दाते फिरणार. हे त्याने शेकडो गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं होतं. एक दगड जवळ, तर पुढचा तेवढाच लांब. दगड खोटा असेल, तर त्या दिवशीचे चौपन्न सेकंद खोटे. आणि ते खोटे असतील तर वाल्मीक खरा.

"टेप हे माझ्या पिशवीत," तो म्हणाला. "तीस मीटरची. धरता का एक टोक?"

दोघांनी रस्त्याच्या कडेने मोजायला घेतलं. टेप ताणायची, खडूने खूण करायची, पुढे सरकायचं. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. लाल गाडी सोडून ही दोघं रस्ता का मोजतायत, ते कुणाला कळेना. एक किलोमीटरला तेहेतीस टेपा आणि वर दहा मीटर लागायला हवे होते. मोजताना झुंबर मनातल्या मनात विनवत होता की दगड अजून लांब असू दे. तो विनवणारा माणूस नाही, पण विनवत होता. तिसावी टेप टाकली आणि दगड हाताला लागला.

ढाब्यावरचा भारत हे सगळं बघत होता. गेली कित्येक वर्षं प्रत्येक तपासणीनंतर झुंबर त्याच्याकडे चहा प्यायचा. तो पुढे आला. "काय हरवलं काय, मिस्त्री?"

"भारत, हा दगड पहिल्यापासून इथंच हे?"

"नाय ओ. त्यो तिकडं होता, फाटकाच्या मधोमध. ट्रक आत घेता यायचा नाय. म्हणून ढाबा काढला तवा जेसीबीनं उचलून हितं वावराच्या पार ह्या कोपऱ्यात बसवला. पण फेकून नाय दिला हां. दर दसऱ्याला माझ्या खर्चानं रंग देतो त्याला."

"कधी काढला ढाबा?"

"पोरगी पहिलीला बसली त्याच्या आदल्या साली. आता बारावीला हे." भारतने दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "लय चुकलं का माझं? कुणी विचारलंच नाय कधी."

बारा वर्षं. भांडणाच्या आधीचं साल. झुंबरने दगडावर हात ठेवला. गुळगुळीत रंग होता, छान दिला होता. त्याला भारतचा राग आला नाही, हेच त्याला सहन होईना. राग धरायला कुणीच नव्हतं. भाजीवालीचा काटा तपासणारा माणूस एका ढाबेवाल्याच्या दगडावर बारा वर्षं डोळे मिटून चालला होता, आणि त्यापायी सख्ख्या भावासारख्या मित्राला गल्लीतून हाकलून बसला होता.

"ताई," तो म्हणाला, "सातपूरला सोडता का मला?"

वाल्मीकचं दुकान अर्ध्या शटरचं होतं. डोक्यावरचे केस पांढरे झाले होते आणि चष्मा जाड. समोर कुणाच्या तरी मोपेडचं मीटर उघडं पडलं होतं. झुंबर दारात उभा राहिला. त्याने वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "शंभर मीटर सरकवलाय दगड. ढाबेवाल्यानं."

वाल्मीकने मान वर केली नाही. "मला माहीत हे."

"कधीपासून?"

"तू ओरडला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. सायकलच्या चाकाचे फेरे मोजत गेलो होतो मी."

"मग सांगितलं का नाय?" झुंबरचा आवाज चढला. चूक आपली असली की माणसाचा आवाज आधी चढतो. "अकरा वर्षं, वाल्मीक! एक शब्द टाकला असता!"

आता वाल्मीकने चष्मा काढला. "शब्द टाकलाच होता. मीटर बरोबर हे, म्हणालो होतो. तू दगडाला विचारलं, झुंबर. माझ्याबरोबर वीस वर्षं जेवला, आणि दगडाला विचारलं. मग मोजमाप घेऊन तुझ्या दारात यायचं? मी काय गिऱ्हाईक होतो?"

बाहेर मृण्मयी गाडीपाशी उभी राहून मुद्दाम दुसरीकडे बघत होती. झुंबर म्हणाला, "चुकलं माझं."

"इथं नको सांगू," वाल्मीक म्हणाला. "इथं ऐकायला कोण हे? गल्लीत म्हणाला होता, तर गल्लीत सांग." आणि त्याने मोपेडचं मीटर पुन्हा हातात घेतलं.

संध्याकाळी झुंबरने लताबाईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने ऐकून घेतलं. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मग उद्या जा आणि सांगा. आणि हळू नका सांगू. तेव्हा हळू बोलला नव्हता."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला झुंबर दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. त्याने पाहिलं, तर वाल्मीक गल्लीच्या तोंडाशी आपल्या जुन्या स्कूटरवर एक पाय टेकून थांबला होता. झुंबरने घसा खाकरला आणि ओरडला, "ऐका सगळे! अकरा वर्षांपूर्वी मी इथं म्हणालो होतो, वाल्मीकच्या काट्यानं माणूस मोडला. ते खोटं होतं. काटा त्याचा बरोबर होता. माझा दगड चुकला आणि मीबी चुकलो!"

पण त्या दिवशी जे हसले होते त्यांतला एक वारला होता, दोघांनी धंदा सोडला होता, आणि एक गावी जाऊन बसला होता. उरलेली सगळी नवी पोरं. एकाने शेजारच्याला विचारलं, "कोण वाल्मीक?" दुसऱ्याने खांदे उडवले आणि चहा संपवला. कुणाला काही आठवत नव्हतं. अकरा वर्षं जे जळत होतं ते दोघांच्याच पोटात जळत होतं, बाकी गाव कधीच विसरलं होतं. झुंबर तिथेच पायरीवर बसला. आपण एका माणसाचं नाव घालवलं, आणि ते परत द्यायला आता घेणारंही कुणी नाही, हे त्याला लख्ख दिसलं.

मग तो उठला. दुकानातून पुठ्ठा काढून त्याने खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'लाल टिकलीचे मीटर चुकीचे आहे. फुकट नीट करून मिळेल.' सदतीस वर्षांच्या सहीवर स्वतःच्याच हाताने काट मारून त्याने पुठ्ठा दाराला टांगला. पाटी तिरकी लागली.

पाठीमागे स्कूटर बंद झाल्याचा आवाज आला. वाल्मीक पाटी वाचत उभा होता. मग त्याने स्कूटर ढकलत पायरीपर्यंत आणली.

"पहिला नंबर माझा," तो म्हणाला.

झुंबरला काही समजेना. तो खाली वाकला, हँडलखाली हात घालून मीटर सोडवलं आणि उलटं केलं. स्क्रूवर त्याचीच लाल टिकली होती. भांडणाच्या थोडं आधी, त्याच सालात, त्याने मित्राच्या स्कूटरचा काटा हौसेने लावून दिला होता आणि दगडावर तपासून आणला होता. वाल्मीक म्हणजे हाताला मीटरचंच काम असलेला माणूस, पाच मिनिटांत काटा नीट करू शकला असता. टिकलीला साधा चरासुद्धा नव्हता.

"उघडलं नाय कधी?"

"तुझी टिकली होती," वाल्मीक म्हणाला. "साठ दाखवलं की मी मनात सहा वजा करायचो."

झुंबरने स्क्रूड्रायव्हर घेतला. स्क्रू त्याला नीट दिसत नव्हता. वाल्मीक आत गेला, कोपऱ्यात भंगाराखाली दबलेलं दुसरं स्टूल त्याने ओढून काढलं, फडक्याने पुसलं आणि शेजारी येऊन बसला.